खान वल्द लुकमान

पैज लागली ती एका गॉगलवरून.

जिव्या उंबरगावला गेला होता, तिथून काळा गॉगल घेऊन आला. आणि हा बहाद्दर तो गॉगल दिवस मावळल्यावर घालून पाड्यात फिरतोय! मी जयवंतीच्या टपरीवर चहा पीत बसलेलो. म्हटलं, "उठा रे उठा, खान आला. खानाला बाकडं मोकळं करा."

सगळी टपरी हसली. जिव्यापण हसला, कॉलर वर केली आणि ऐटीत बसला. तिथंच मी ओळखलं, हे नाव चिकटणार.

"महिन्याभरात अख्खा पाडा तुला खान म्हणेल," मी म्हटलं.

"पाडा म्हणेल, मनिषदादा. माझी आय नाय म्हणणार."

"तुझी आयपण म्हणेल."

"लाव पैज."

लावली. जो हरेल त्यानं मंगळवारच्या बाजारात लुगडं नेसून, भाताच्या गोणींवर चढून, कोंबड्यासारखं सात वेळा आरवायचं. सातच का? जयवंती म्हणाली सात, म्हणून सात. साक्षीदार तीच.

आता मला ओळखत नसाल तर सांगतो. मी उधवा ते तलासरी इको चालवतो, शेअरिंगमध्ये. वय अठ्ठेचाळीस, अक्कल बायकोच्या मते बारा. एकदा मी गाडीत नुसतं बोललो की सरकार कोंबड्यांची गणती करणार आहे, घरटी किती ते लिहून नेणार. दुसऱ्या दिवशी पाड्यात एक कोंबडी दिसेना. लोकांनी पिंपात, कणगीत, एकानं तर बायकोच्या ट्रंकेत कोंबड्या कोंबल्या होत्या. कागद घेऊन कोणी येणार म्हटलं की आमची माणसं आधी लपवतात, मग विचारतात. हे मला माहीत होतं, म्हणून तर मजा आली.

खानाचं काम आठ दिवसांत झालं. मी गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो, "खान दिसला का?" पोरं म्हणायला लागली, मग बाया, मग शाळेतले मास्तर. राहिली एक बायजी. जिव्याची आई. मी तिला काकी म्हणतो.

"काकी, खान कुठं गेला?"

"आमच्यात खान कोन नाय. जिव्या गेला रानात."

फोन केला. आवाज बदलून म्हटलं, "हॅलो, खान है क्या?" म्हातारी म्हणते, "मनिष, तुझ्या गाडीचा हॉर्न मागं वाजतो." आणि ठेवला.

शेजारणीला फितवलं. तिनं अंगणातून हाक मारली, "खानाची आय, पाणी आलं गं!" काकी जागची हलली नाही. त्या दिवशी पाण्याविना राहिली, पण हलली नाही.

महिना भरला. मी सरळ हरलो होतो. पण हरलो म्हणणारा मी कुठला! म्हटलं, "जिव्या, यंदा अधिक महिना धर ना."

"हरलास तू, दादा," जिव्या म्हणाला. "आता बोटीवर चाललोय. आलो की तुझा कोंबडा बघतो."

पावसाळा ओसरला की आमच्याकडचे पुष्कळ जण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पुढच्या पावसाळ्याला परत. त्या वर्षी एका बोटीवर सात जण चालले होते. आमच्या पाड्यातला एकटा जिव्या, बाकीचे आजूबाजूच्या गावांतले. तुक्या कैनाडचा. मीच त्यांना गाडीत कोंबून स्टेशनावर सोडलं. बोटमालकाचा मेता तिथं वही घेऊन उभा. मेता म्हणजे मालकाचा लिहिणारा माणूस. सहा जणांनी नावं सांगितली. जिव्या नळावर पाणी भरायला गेला होता.

"सातवां कौन?" मेता म्हणाला.

जिव्या तिकडून बाटली घेऊन येतोय, डोळ्यांवर गॉगल. मी म्हटलं, "खान."

"बाप का नाम?"

"लखमा."

लिहिलं त्यानं. जिव्यानं येऊन वहीत डोकावलं आणि पोट धरून हसला. "दादा, तू मेलास तरी सुधरणार नाय." मेता म्हणाला, बंदरावर आधार बघून कार्ड बनवतो, तेव्हा बरोबर करू. गाडी आली. जिव्या दारातून हात हलवत ओरडला, "आयला सांभाळ! आणि लुगडं बघून ठेव!"

कार्ड बनायच्या आधीच बोट निघाली, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं.

दिवाळीनंतर बातमी आली. बोट धरली. पाकिस्तानवाल्यांनी, समुद्रात. पाण्यात हद्द असते म्हणे. आमच्या इथं गुजरातची हद्द लागली की निदान रस्त्याचा रंग बदलतो, पाटी असते, दुकानाच्या फळीवरची अक्षरं बदलतात. पाण्यात काय असतं? जाळं कुठल्या देशात पडलं ते जाळ्याला कळत नाही, माशाला तर नाहीच.

त्या दिवसापासून पाड्यात कोणी खान हा शब्द काढला नाही. कोणी ठरवलं नव्हतं. पण ज्याच्या आईसमोर उभं राहायचं त्याचं टोपणनाव कसं घेणार? सगळे जिव्या जिव्या करायला लागले. मीपण. इतका, की मीच विसरलो.

दोन वर्षं गेली.

एक दिवस टपरीवर हवालदार आला. मोटरसायकलवर, हातात कागद. तेव्हा टीव्हीवर दिवसभर तेच चाललेलं, इकडचे आणि तिकडचे, कोण खरा आणि कोण घुसलेला. हवालदारानं कागद उलटा केला, सुलटा केला, आणि विचारलं, "इथं खान कोण राहतो?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"खान वल्द लुकमान. मुसलमान इसम. पत्ता उधवा दिलाय. चौकशी आहे."

"कसली चौकशी?" जयवंतीनं विचारलं.

"ते वरच्यांना माहीत. आहे का नाही तेवढं सांगा."

आता मला सांगा, माझ्यासमोर पोलीस, पाच माणसं बाकड्यावर, आणि असला शब्द आयता तोंडात आलेला. मी सोडणार?

"साहेब," मी म्हटलं, "इथं खान नाय. खाण आहे. दगडाची, टेकडीच्या मागं. दाखवू?"

टपरी अशी हसली की जयवंतीच्या हातातलं गाळणं पडलं. हवालदारपण हसला. म्हणाला, "नाटकी आहेस." मी अजून चढलो. "खानच पाहिजे तर मंगळवारी या. बाजारात कपडेवाला आहे डहाणूचा, तो एकच खान इकडं उगवतो."

त्यानं कागदावर लिहिलं, सदर नावाचा इसम या गावी राहत नाही. खाली पंच म्हणून सही पाहिजे होती. मी केली. इंग्रजीत, झोकात.

शपथेवर सांगतो, त्या वेळी मला जिव्या आठवला नाही. लुकमान म्हटल्यावर कोणाला लखमा आठवेल? तिकडच्या कोणीतरी ऐकलं तसं उर्दूत लिहिलं, इकडच्या कोणीतरी त्याचं इंग्रजी केलं, मग त्याचं मराठी. आमचा मेलेला लखमा धोडी, ज्यानं जन्मात वाघोबा देवाला कोंबडा द्यायचा चुकवला नाही, तो असा फिरून लुकमान होऊन गावात आला. आणि मी त्याला खाण दाखवली.

कपडेवाला चाचा पुढचे दोन मंगळवार बाजारात आला नाही. तिसऱ्या मंगळवारी आला तेव्हा त्याच्या टेंपोवरचं 'खान ड्रेसेस' पुसून तिथं 'न्यू ड्रेसेस' लिहिलं होतं. मी विचारलं, "चाचा, नाव का बदललं?" तो म्हणाला, "ऐसेच. नया अच्छा लगता है." आणि परकरांच्या घड्या घालत राहिला. मी जास्त विचारलं नाही.

मग एक दिवस तुक्याच्या घरून फोन आला. बोट सुटली! सगळे येतायत, आज दुपारी तलासरीला उतरतील. मी गाडी धुतली. हार बांधला. काकीला पुढं बसवत होतो, ती मधल्या सीटवर बसली, म्हणाली पुढं जिव्या बसेल. मांडीवर नवा शर्ट, दुकानातल्या पिशवीत. वाटेत तिनं मला फक्त एक विचारलं, "वाळला असेल का रे? शर्ट ढगळ होईल."

"ढगळच फॅशन आहे, काकी."

नाक्यावर गर्दी, हार, कोणीतरी वाजंत्रीपण आणलेलं. बस थांबली. एक उतरला, दुसरा, तिसरा. मी मोजत होतो. सहावा तुक्या. त्याच्यामागून कंडक्टर उतरला आणि त्यानं दार लावलं.

काकी बसच्या दाराकडंच बघत होती. मग ती मागच्या बाजूला गेली, तिथं दुसरं दार असेल म्हणून.

मी तुक्याला बाजूला ओढला. "जिव्या?"

तुक्या रडायला लागला. म्हणाला, "तिकडून यादी आली ना, दादा. सात नावं. इकडून सहा कबूल झाली. सातव्याला म्हणाले, असा माणूस आमच्यात नाय."

"असं कसं म्हणाले? जिव्या लखमा धोडी!"

"जिव्या कुठं? तिकडं तो खान. मेत्याच्या कागदावर खान, बोटीवर आपण सगळे खानच म्हणायचो, पकडलं तेव्हा बोट हाकणाऱ्या तांडेलनं तोच कागद दिला. हा सांगत राहिला, मी जिव्या, मी जिव्या. ते म्हणाले नाव लपवतोय. शुक्रवारी नमाजाला बोलवायचे. हा म्हणायचा, मला येत नाय, मी वारली. ते विचारायचे, वारली कौनसा मज़हब है? हा वाघोबाचं सांगायला गेला तर हसायचे. एक शिपाई म्हणाला, खान है तो उधर क्या करता था?"

"आणि इकडचे?"

"इकडचे म्हणाले असतील, खान आहे तर तिकडंच राहू दे."

इकडचे म्हणाले असतील. इकडचा कोण, ते तुक्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. सही इंग्रजीत होती.

परत येताना पुढची सीट मोकळी होती. काकीनं विचारलं, "मागच्या बसला असेल का?" मी म्हटलं, "असेल." जन्मभर खोटं बोलून लोकांना हसवलं, त्या दिवशीचं खोटं तोंडातून निघता निघेना.

मग मी धावलो. खरंच धावलो. गाडी बंद ठेवून ऑफिसं पालथी घातली. हा म्हणाला त्याच्याकडं जा, तो म्हणाला अर्ज द्या, तिसऱ्यानं विचारलं, "तुम्ही त्याचे कोण?" काय सांगू? त्याचं नाव ठेवणारा? शेवटी डहाणूच्या एका वकिलानं सांगितलं, प्रतिज्ञापत्र करा. आईनं सांगायचं की जिव्या लखमा धोडी उर्फ खान, हा माझा मुलगा. उर्फ. एवढ्याशा शब्दावर गाडी अडलेली.

काकीला घेऊन डहाणूला गेलो. वकिलानं कागद वाचून दाखवला. मग विचारलं, "बाई, तुमच्या मुलाला खान म्हणतात ना?"

"नाय," काकी म्हणाली.

"अहो, गावात म्हणतात ना?"

"गाव काय पण म्हणंल. त्याचं नाव जिव्या."

"आजी, तुम्ही एकदा 'खान माझा मुलगा' म्हणा, अंगठा द्या, संपलं."

काकीनं पदरात हात लपवले. अंगठा दिसू नये म्हणून. वकिलानं माझ्याकडं बघितलं. मी तिला बाहेर ओट्यावर आणली.

"काकी, म्हण ना. काय जातं?"

तिनं आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाली, "पैज आहे ना तुमची. जाताना तो मला बोलून गेला, आये, काय पण झालं तरी खान बोलू नको. मी बोलली तर तो हरतो. तू मला एवढ्या लांब तेच बोलवायला आणलंस ना? मी ओळखलं."

तीन वर्षं. म्हातारी तीन वर्षं लेकाची पैज राखून बसली होती, आणि तिला वाटत होतं, मी अजून खेळतोय.

तेव्हा मी सांगितलं. मेता, वही, यादी, हवालदार, सगळं. मधे एक ट्रक गेला, तेवढा थांबलो, मग पुढचं सांगितलं. ती ऐकत होती.

"तू सही केलीस?"

"केली."

"पोलिसाला काय बोललास?"

"खान नाय, खाण आहे म्हटलं."

"मग हसला का तो?"

"हसला."

"हं," काकी म्हणाली.

ती उठली, आत गेली, वकिलाच्या टेबलासमोर उभी राहिली आणि शाळेत कविता म्हणतात तसं मोठ्यानं म्हणाली, "खान माझा पोर." अंगठा दिला. शाई पदराला पुसली. बाहेर येऊन चपला घालताना माझ्याकडं न बघता बोलली, "जिंकलास."

मला कोणी चपलेनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

कागद वर गेला. वर म्हणजे कुठं, ते कोणी सांगत नाही. मी दर पंधरवड्याला जातो. एकदा एका साहेबानं बसवून घेतलं, चहापण दिला. म्हणाला, "मनिषभाऊ, आधीच्या कागदावर पंचाची सही आहे की असा माणूस नाही. आता तोच पंच म्हणतो, आहे. कोणतं खरं धरायचं?" मी म्हटलं, "साहेब, पहिली मस्करी होती." तो म्हणाला, "फायलीला मस्करी कळत नाही." मग जरा आवाज खाली करून म्हणाला, "आणि सध्या दोन्हीकडचं बोलणंच बंद आहे. चालू झालं की बघू." मी विचारलं, कधी? त्यानं हात वर केले. माझ्यासारखेच रिकामे होते.

गेल्या मंगळवारी मी बाजारात गाडी लावत होतो, तर जयवंती धावत आली. "मन्या, आधी इकडं ये! काकी बघ!"

भाताच्या गोणींची थप्पी लावलेली होती आणि बायजीकाकी तिच्यावर चढायला बघत होती. एक पाय गोणीवर, हातानं दोरी धरलेली. भोवती लोक जमायला लागलेले.

"काकी! काय करतेस? उतर!"

"लुगडं तर माझ्या अंगावर आहेच," ती म्हणाली. "आरवायचं तेवढं राह्यलं. माझ्या पोराची पैज आहे. तो नाय तर मी देते. बोलली ना मी खान. हरला तो."

"नाय हरला तो! महिन्याची मुदत होती, काकी. तू महिन्यात नाय बोललीस. मी हरलो. तेव्हाच हरलो. जयवंतीला विचार."

काकीनं तिथूनच मान वळवली. "जयवंती, महिना होता?"

"होता," जयवंती म्हणाली. "हरला तो हाच. चुकवत फिरतोय मेला."

काकीनं पाय खाली घेतला. दोरी सोडली. हात झटकले. "मग चढ," म्हणाली.

मी न्यू ड्रेसेसच्या टेंपोकडं गेलो. म्हटलं, "चाचा, एक लुगडं द्या. आत्ता परत देतो." चाचानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. काय झालंय ते त्यानं ऐकलं असणार, बाजार केवढासा. घडी मोडून एक हिरवं लुगडं दिलं. मी पँटवरूनच गुंडाळलं, जयवंतीनं गाठ मारली. गोणींवर चढलो.

वरून अख्खा बाजार दिसतो. सुकी मासळी, मिरच्या, डहाणूहून आलेले चिकू, कोंबड्या पाय बांधून उलट्या ठेवलेल्या. सगळे माझ्याकडं बघतायत. माझं जन्मभराचं स्वप्न, असा सगळा बाजार एकदम हसवायचा. मी आरवलो.

हसले. काय हसले! पोरांनी मोबाइल काढले. "मन्यादादा, अजून!" दुसऱ्यांदा आरवलो, तिसऱ्यांदा. चौथ्याला उलट्या ठेवलेल्यातला एक खरा कोंबडा मला उत्तर द्यायला लागला, तर लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. काकी खाली उभी होती. बोटांवर मोजत होती, ओठ हलत होते. तिच्या पिशवीतून दुकानातल्या पिशवीचं टोक दिसत होतं. तो शर्ट ती बाजाराला येतानाही सोबत आणते, बस तलासरीवरून येते म्हणून.

पाच. सहा. सातव्याला माझा आवाज फाटला, अर्धाच निघाला. मी खाली उतरायला लागलो.

"थांब," काकी म्हणाली. "सातवा नीट नाय झाला. परत दे."

मी परत वर चढलो, लुगड्याचा पदर सावरला आणि दिला.